मेश्राम मॅडमचा शनिवार

बातमी आली तेव्हा मी बिरसा गावी, नोकरीच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, सहावीच्या वह्या तपासत बसले होते. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेश्राम मॅडमचा फोटो आला आणि त्याखाली एकामागून एक जोडलेले हात येत राहिले. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मनात सगळ्यांत आधी जे आलं ते दुःख नव्हतं. ते लिहायलाही लाज वाटते, पण तेच गाळलं तर पुढचं सगळं खोटं होईल. मनात आलं, की आता आपल्या आजाराचं नाव आपल्यासमोर घेणारं कोणी उरलं नाही. सुटल्यासारखं वाटलं… क्षणभरच. मग घंटा झाली, मी वर्गात गेले आणि फळ्यावर अपूर्णांक लिहू लागले. रडू आलं ते संध्याकाळी, बसची वाट बघताना. तेव्हाही मी तोंडाला पदर लावून उभी होते, कोणी विचारू नये म्हणून.

मॅडम मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा हिंदी माध्यमाची, वर्गात सगळं हिंदीतच चालायचं. पण मॅडमचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं. त्यामुळे माझ्यासारखी घरी मराठी बोलणारी पोरं व्हरांड्यात भेटली की त्या एकदम मराठीवर यायच्या. ठेंगणा, भक्कम बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि सायकलवाल्यांनीही मागे टाकावं इतक्या हळू चालणारी स्कूटी. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय नंदाताई यांच्यासोबत, विहाराच्या मागच्या गल्लीत त्या राहायच्या. शाळेनं एके वर्षी ठरवलं, की नववी ते बारावीची थोडी थोडी मुलं एकेका शिक्षकाकडे सोपवायची. त्याला 'पालक शिक्षक' असं भारदस्त नाव दिलं होतं. बहुतेकांच्या लेखी ते महिन्यातून एकदा मुलांना उभं करून "सब ठीक है ना?" विचारलं की संपणारं काम होतं. मॅडमनी मात्र शनिवारची शेवटची तासिका मागून घेतली. जिन्याखाली नकाशे ठेवायची एक अरुंद खोली होती, तिथं त्या सतरंजी अंथरायच्या आणि स्वतःही खाली बसायच्या. आठवडा कसा गेला, एवढंच ज्यानं त्यानं सांगायचं. नसेल सांगायचं तर नुसतं बसायचं. सुरुवात त्या स्वतःपासून करायच्या. या हप्त्यात मी अकरावीवर उगीच चिडले, चूक माझीच होती, असं काहीतरी. शिक्षक असं बोलतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मी नववीला उकव्याहून बालाघाटला मावशीकडे राहायला आले. बाबा मॅंगनीजच्या खदानीत कामाला होते, उकव्यात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती असं आम्ही लोकांना सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. मला मिरगी, म्हणजे फेफरं यायचं आणि वस्तीत ते दोन-चार लोकांच्या नजरेला पडलं होतं. आई मला एका पंड्याकडे, झाडफूक करणाऱ्याकडे नेऊन उतारे करून आणायची. बाबांना वाटे, शहरात कोण कोणाला ओळखतं. मावशीला बजावून ठेवलं होतं, विचारलं तर अशक्तपणा आहे म्हणायचं.

शाळा सुरू होऊन महिनाही झाला नसेल, प्रार्थनेच्या रांगेत मी पडले. पडल्याचं मला आठवत नाही, शुद्धीवर आल्याचं आठवतं. नाकाशी कोणाचा तरी बूट होता. त्याचा घामट वास, डोक्यावर गोल करून वाकलेले चेहरे, आणि खाली गार, ओली झालेली सलवार. सगळ्या शाळेसमोर. मला डोळे पुन्हा मिटून घ्यायचे होते. मग बूट बाजूला झाला, मॅडमचा आवाज आला, रांगा हलल्या आणि मी नकाशांच्या खोलीत सतरंजीवर होते. मॅडमनी मला त्यांची शाल गुंडाळायला दिली, सलवार मागच्या नळावर स्वतः धुऊन आणली आणि खिडकीच्या गजावर पसरली. मला वाटलं, आता विचारतील, हे केव्हापासून आहे, घरी माहीत आहे का. त्यांनी विचारलं नाही. वाळेपर्यंत त्या फाटलेल्या नकाशाला मागून कापड चिकटवत बसल्या, आणि मी भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर मी शाळेत गेले नाही. मावशीनं तापाचा निरोप धाडला. मॅडम स्कूटी घेऊन घरी आल्या, चहा घेतला, ताप कसा आहे म्हणून विचारलं, मावशीचं खोटं शांतपणे ऐकून घेतलं. निघताना मला म्हणाल्या, "रोज नको येऊ. शनिवारी ये फक्त. शेवटच्या तासाले."

मी गेले. मॅडमनी मला आधीच बाहेर थांबवून विचारलं होतं, शनिवारच्या आपल्या ग्रुपला सांगू का म्हणून. मी मान हलवली, नाही. त्या 'हौ' म्हणाल्या आणि खरंच काही बोलल्या नाहीत. मुलांनी त्या दिवशी जे पाहिलं होतं त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या शेजारची जागा मात्र रिकामी राहिली. सतरंजी लहान, मुलं दाटीवाटीनं बसलेली, आणि माझ्या दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा. पुढं मी रोज शाळेत जाऊ लागले आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पुन्हा झालं. पोरं पळाली. जो पळाला नाही त्या दिनेशनं भल्या मनानं माझ्या दातांत चमचा घातला, कारण त्याच्या गावात तसंच करतात. माझा पुढचा दात तुटला. ओठ शिवून घेऊन मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, सांगा आता सगळ्यांना.

त्या शनिवारी मॅडमनी मिरगी हा शब्द मोठ्यानं उच्चारला. डोक्यातल्या आजाराचं ते नाव आहे, म्हणाल्या, भूतबीत नाही आणि शिवल्यानं लागत नाही. मग त्या स्वतः सतरंजीवर आडव्या झाल्या. पन्नाशीला आलेली बाई, इस्त्रीची साडी, आणि आमच्या पायाशी झोपलेली. म्हणाल्या, एकेकानं येऊन मला कुशीवर वळवायचं, मानेखाली काही मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, जोडा हुंगवायचा नाही. पोरं जागची हलेनात. मॅडमना हात कसा लावायचा? त्या झोपल्या झोपल्याच हसल्या. "मले हात लावाले लाजता, तं मीनाले कसं सांभाळसान?" पहिला उठला तो दिनेश. तासिका संपेपर्यंत मॅडम कितीदा उताण्या झाल्या आणि कितीदा कुशीवर वळल्या, साडीचा पार चोळामोळा झाला होता. मी खिडकीपाशी उभी राहून पाहत होते आणि मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला लाज वाटत होती. माझ्यामुळे त्यांना हे करावं लागतंय, याची.

पुढे मॅडम रविवारी बस धरून उकव्याला आल्या, आईबाबांना भेटायला. आई आत चुलीपाशी जाऊन बसली. बाबांनी अंगणात खाट टाकली आणि आवाज खाली आणून एवढंच म्हणाले, इथं तो शब्द काढू नका, पोरीचं लगन व्हायचं आहे. बराच वेळ तेच चाललं. अखेरीस तडजोड झाली. मॅडमसोबत मी गोंदियाला डॉक्टरकडे जायचं, गोळ्या सुरू करायच्या, पण शाळेबाहेर कोणाला कळता कामा नये. मॅडम हो म्हणाल्या. गोंदियाला त्याच मला घेऊन गेल्या. पहिल्या वर्षी तर दर फेरीला त्याच सोबत. गोळ्या लागू पडल्या. दहावीच्या वर्षी एकदाच झटका आला, शनिवारीच, आणि मी डोळे उघडले तेव्हा कुशीवर होते, मानेखाली दिनेशचा स्वेटर होता आणि बाकीचे जरा लांब बसून गणितं सोडवत होते. शेजारच्या रिकाम्या जागा केव्हाच भरल्या होत्या.

ती तडजोड मॅडमना मात्र टोचत राहिली. खूप वर्षांनी मला म्हणाल्या, "तुझ्या बाबाले मी तेव्हा हो म्हणून आली, तिथंच चुकली. तुले गोळ्या भेटल्या, पण लपवाले मीच शिकवलं."

बारावी झाली, कॉलेज झालं, डी.एड. झालं. वर्षानुवर्षं झटका नव्हता. रामपायलीकडचं एक स्थळ आलं. घर शेतीवाडीचं, मुलगा शिकलेला. मुलाचे वडील रीतीप्रमाणे चौकशीला शाळेत गेले, मॅडमना भेटले. मुलगी गुणी आहे, एवढं त्यांनी सांगितलं. तब्येतीचं विचारल्यावर म्हणाल्या, ते मुलीलाच विचारा. त्याच संध्याकाळी मला त्यांनी घरी बोलावून घेतलं. आजवर इतक्या स्पष्ट शब्दांत त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. "मी त्यायले खोटं सांगणार नाही, आन तुझं खरंही सांगणार नाही. ते तुझं आहे. सांगायचं का नाही, ते तू ठरव."

मावशीच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. दोघांनी बोलून घ्या म्हणून आम्हाला मागच्या अंगणात पाठवलं, तेव्हा मी त्या मुलाला सांगितलं. तो चांगला होता. नीट ऐकून घेतलं, औषध कोणतं चालू आहे विचारलं, बरं झालं सांगितलं म्हणाला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकडून नकार आला, आणि त्याच्या पाठोपाठ ती गोष्ट वारासिवनीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांत पसरली. बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. ते नुसते बाहेर गेले.

ते कुठे गेले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी हिंदीचे पटले सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडून कळलं. बाबा शाळेत गेले होते. भरल्या स्टाफरूममध्ये उभं राहून त्यांनी मॅडमना सुनावलं, की हिनं माझ्या पोरीचं आयुष्य नासवलं. मग ते मॅडमच्या जातीवर गेले. बाबा काय बोलले ते पटले सरांनी मला शब्दन् शब्द सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. मॅडमनी म्हणे हातातला खडू खाली ठेवला, शिपायाला बाबांसाठी पाणी आणायला सांगितलं आणि पुढच्या तासाला वर्गावर गेल्या. स्टाफरूममध्ये कोणी काही बोललं नाही. पटले सरही बोलले नव्हते, म्हणूनच बहुधा त्यांना इतकं लख्ख आठवत होतं. मधल्या सगळ्या वर्षांत मी मॅडमकडे जात होते, बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरची खीर खात होते, बाबा कसे आहेत या त्यांच्या प्रश्नाला उत्तरं देत होते! कळलं त्या दिवशी मी तडक त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, मला का नाही सांगितलं? मॅडम भाजी निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "सांगून काय झालं असतं? तू माझ्याकडं येणं बंद केलं असतं."

ते खरं होतं. त्यांनी मला किती ओळखलं होतं, आणि त्यात माझं किती वाईट दिसत होतं…

लग्न मी नंतर केलं नाही. बिरसाला नोकरी लागली, तिथं खोली घेतली. निवृत्तीनंतर मॅडमना साखरेचा त्रास वाढला, मागच्या वर्षी अंगावरून वारं गेलं आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. शेवटचं भेटले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. नंदाताई बाजारात गेल्या होत्या. मी कॉटपाशी बसून बिरसाच्या पोरांचं काहीबाही सांगत होते. मॅडमचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम आवळला आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मला वास आल्यावर कळलं. मी उठले तसा त्यांचा डावा हात वर आला. "तू नको. नंदाले येऊ दे." शब्द जड येत होते. मी म्हटलं, नंदाताईंना वेळ लागेल. मी चादर ओढून काढली, त्यांचं अंग पुसलं, गाऊन बदलला. मला सवय नव्हती, फार वेळ लागला. सगळा वेळ त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मेश्राम मॅडमना लाजलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आवरून मी पुन्हा खुर्चीवर बसले तरी त्या भिंतीकडेच पाहत होत्या. मग तसंच, माझ्याकडे न बघता बोलल्या. "मले वाटे, कपडे धुतले, वाळले, झालं. तुले कसं वाटलं असंल, ते मी कधी विचारलंच नाही. आज समजून राह्यलं."

मी त्यांचा हात धरून ठेवला. नंदाताई येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो, एकमेकींकडे न पाहता.

शाळेनं शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. मुख्याध्यापक बोलले, नगरातले काही मान्यवर बोलले, मग जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी, म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. समोर आमचा ग्रुप बसला होता. दिनेश होता, आता त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. ज्यांनी मला कुशीवर वळवलं होतं ते सगळे माझ्याकडे बघत होते. मी माईक धरला आणि म्हणाले, की मॅडम भूगोल फार छान शिकवायच्या. नकाशा वाचायला मी त्यांच्यामुळे शिकले, असंही म्हणाले. टाळ्या नसतात शोकसभेत, नाहीतर त्याही पडल्या असत्या. खाली येताना दिनेशनं नजर दुसरीकडे वळवली. रागानं नाही. मी अवघडू नये म्हणून.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं. ते आता थकलेत, खदानीतून सुटून वर्षं झाली, बालाघाटलाच मावशीशेजारी खोली घेऊन आईबाबा राहतात. सभेला चला म्हटलं तर, मी कोणत्या तोंडानं येऊ, म्हणाले होते. आता म्हणाले, तू काय बोलली? मी सांगितलं, भूगोलाचं बोलले. बाबांनी जेवणाचं ताट थोडं पुढं सारलं. "हेच शिकवलं मी तुले," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

मॅडमच्या निवृत्तीनंतर त्यांचं शनिवारचं बसणं घरच्या ओसरीवर आलं होतं, हे मला माहीत होतं. पण ती शाळेच्या पोरांची वेळ म्हणून मी कधी त्या दिवशी गेले नव्हते. गेल्या शनिवारी गेले. नंदाताईंनी ओसरी झाडून चटई टाकून ठेवली होती. सांगितलं, की कोणाला बोलावत नाही, पण शनिवार आला की हात आपोआप चटईकडे जातो, आणि चटई दिसली की पोरं थांबतात. चार-पाच जण होते. अकरावी-बारावीची मुलं, एक कॉलेजात गेलेली मुलगी, एक नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. मध्ये कोणी मॅडम नव्हती. तरी ज्यानं त्यानं आपला आठवडा सांगितला. एकाला घरी फार भांडणं होतात, एकीला विषय बदलायचा आहे आणि धीर होत नाही. माझी पाळी आली. मी म्हटलं, मला मिरगी आहे, लहानपणापासून. हे वाक्य ज्यांना आधी माहीत नव्हतं अशांसमोर मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोलत होते. हे लिहिताना एक गोष्ट लपवू नये. मी हे मराठीत लिहिते आहे, कारण बिरसाच्या आमच्या स्टाफरूममध्ये मराठी कोणी वाचत नाही.

चटईवरची अकरावीतली मुलगी, कपाळावर केस आलेली, माझ्याकडे जराही दया न दाखवता बघत होती. तिनं विचारलं, "दीदी, आपके स्कूल में किसको पता है?"

मी म्हटलं, कोणालाच नाही.

"तो गिर गईं तो पलटाएगा कौन?"

नंदाताई आतून चहा घेऊन आल्या. मुलीनं चटईवर स्वतः सरकून माझ्या बाजूला जागा केली, कप ठेवायला, आणि पुढच्याचा आठवडा सुरू झाला.